एका बाजूचा पट्टा

पट्ट्याला दोन बाजू असतात, असं कुणी ठासून म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सतरावं लागलं होतं. तोवर आमच्यात पट्ट्याला एकच बाजू असते असं चालत आलेलं. कमरेच्या पट्ट्याचं बोलत नाहीये मी. पिठाच्या गिरणीत मोटारीच्या पुलीवरून चक्कीच्या पुलीवर जो वीतभर रुंद कातडी पट्टा फिरायचा, त्याचं बोलतोय. माझे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, बुधवार पेठेतल्या एका बोळात गिरणी चालवत. चालवत म्हणजे मालक दुसरे, पण गिरणी तात्यांची असं होतं ते. मालक सकाळ-संध्याकाळ येऊन गल्ल्यावर बसायचे, गणपतीच्या तसबिरीला हार घालायचे, आणि दगडाला टाकी कधी लावायची, म्हणजे छिन्नीने टोचून तो परत खरखरीत कधी करायचा, हे तात्यांना विचारायचे. तात्या सांगतील ती पूर्व दिशा.

माझी शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. मी डावखुरा. मास्तर डाव्या हातावर पट्टी मारायचे आणि मी उजव्या हाताने लिहायला तयार नव्हतो. एवढंच कारण. हेही डाव्याच हाताने लिहितोय. माझी नात केतकी म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोला, मी टाइप करते." म्हटलं, राहू दे. तू टाइप करशील ते तुझं होईल. माझ्या र्‍हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या आहेत, त्या मी कुणाला देत नाही.

आम्ही राहायचो गिरणीपासून चार मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खाली पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान होतं, त्यामुळे जिन्यात कायम खळीचा वास. तात्या दिवसभर गिरणीच्या आवाजात बोलत, त्यामुळे घरीही त्यांचा आवाज तेवढाच चढा. त्यांनी आईकडे मीठ मागितलं की समोरच्या बिऱ्हाडातली बाई म्हणायची, "अहो, द्या त्यांना मीठ, नाहीतर मी आणून देते." आईचाही आवाज तसाच झाला होता. आमच्याकडे भांडण चाललंय की जेवण, हे नवख्याला कळायचं नाही. मी मात्र त्याच आवाजात झोपायचो आणि त्याच आवाजात उठायचो.

आमच्या घरची भाकरी कधी एका धान्याची नसे. चक्कीच्या तोंडाशी, पिठाच्या कापडी नळीच्या घडीत, फळ्यांच्या फटीत दिवसभरात जे पीठ साठतं ते झाडून घरी न्यायची तात्यांना मुभा होती. त्यात गव्हावर बाजरी, बाजरीवर हरभरा, मध्येच कुणाच्या धिरड्यांचे तांदूळ. भाकरी थापताना आईला रोज वेगळं पाणी लागायचं. कधी ती भसाभस चिरायची, कधी चिकटायची. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या भाकरीला भाजणीचा वास यायचा, धने-जिऱ्याचा. आई म्हणायची, "अख्खी पेठ खातोय आपण." नुसत्या ज्वारीची पांढरी भाकरी मी पहिल्यांदा लोकांकडे खाल्ली तेव्हा ती मला आजाऱ्याच्या जेवणासारखी लागली.

आता पट्ट्याचं सांगतो, कारण ते नीट समजलं नाही तर पुढचं कळायचं नाही. पट्टा दोन पुल्यांवरून घालायचा, दोन्ही टोकं एकत्र आणायची आणि आरीने भोकं पाडून चामड्याच्या वादीने शिवायची. साधा पट्टा असा शिवतात. त्याची आतली बाजू पुलीवर घासून घासून तुळतुळीत होते आणि बाहेरची कोरीच राहते. तात्या शिवण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्यायचे, आम्ही त्यालाच एक पीळ म्हणायचो. म्हणजे खालची बाजू वर, वरची खाली, आणि मग शिवायचे. असा पट्टा फिरायला लागला की या फेरीला जी बाजू पुलीला घासते ती पुढच्या फेरीला वर येते. दोन्हीकडून सारखा झिजतो. पट्टा दुप्पट टिकतो. हे त्यांना खडकीत एका वर्कशॉपात शिकवलेलं. तिथे ते पोरगे असताना कामाला होते. छतालगत एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून बारा यंत्रांचे बारा पट्टे खाली यायचे म्हणे. तिथल्या वस्तादाने शिकवलं ते तात्यांनी जन्मभर पाळलं.

पण अशा पट्ट्याला बाजू एकच, हे वस्तादाने सांगितलं नव्हतं. ते तात्यांनी स्वतः शोधलं, तेही एक घोळ घालून. जुना रुंद पट्टा बाद झाला होता. तात्यांना त्यातून दोन अरुंद पट्टे काढायचे होते, एक मिरची कांडपाच्या यंत्राला आणि एक डाळ भरडायच्या यंत्राला. सांधा उसवून मग कापायचं, तर पट्टा ताणून धरायला दुसरा माणूस लागतो. म्हणून त्यांनी तो शिवलेलाच ठेवला, खुंटीला टांगला, आणि चांभाराच्या रापीने मधोमध चिरत निघाले. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. एक अख्खी दुपार ते चिरत होते. शेवटचं बोटभर कातडं चिरलं आणि दोन पट्टे खाली पडायचे, तर एकच पडला. अर्ध्या रुंदीचा, पण लांबीला दुप्पट. तात्यांनी तो उचलला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मालक म्हणाले, "तात्या, दुसरा कुठे ठेवलात?" दुसऱ्या दिवशी त्यांनी चालत्या पट्ट्यावर, म्हणजे वीज बंद करून हाताने पुली फिरवत, खडू धरला. खडू न उचलता दोन फेऱ्या झाल्या आणि पट्टा दोन्हीकडून पांढरा झाला. त्या दिवसापासून ते ज्याला-त्याला सांगायचे, माझ्या पट्ट्याला एकच बाजू आहे. लोक हसायचे. तात्यांना राग यायचा नाही. त्यांना खडूने दाखवता येत होतं.

केतकी गणित घेऊन शिकतेय. मागच्या महिन्यात तिने कागदाची पट्टी कापली, पीळ देऊन चिकटवली आणि मला म्हणाली, "आजोबा, बघा हं, सॉलिड गंमत आहे." आणि पेन्सिल फिरवायला लागली. मी पाहत राहिलो. ती म्हणाली की हे कुणा परदेशी गणितज्ञाच्या नावाने ओळखतात. नाव दोनदा सांगितलं तिने, मी लक्षात ठेवलं नाही. मग तिने दुसरी पट्टी घेतली, दोन पीळ दिले, आणि विचारलं, "आता याला किती बाजू?" मी म्हटलं, "दोन." ती म्हणाली, "अय्या, तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, मला माहीत आहे. तीन पीळ दिलेस तर परत एक. ती खूश झाली. मी चहा घेतला. मला त्या कागदाकडे बघून काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यानंतर चार दिवसांनी हे लिहायला बसलो.

सतराव्या वर्षी मी गिरणीत सगळं करत होतो. वजन, ओतणं, दगड उचलून टाकी लावणं, सगळं. फक्त पट्ट्याला हात लावायची परवानगी नव्हती. शिवायला मला तात्यांनी शिकवलं होतं, जुन्या तुकड्यांवर, पण चालत्या गिरणीचा पट्टा त्यांचाच. एकदा ते चुलत्यांच्या दहाव्याला सासवडला गेले, सकाळी जाऊन रात्री परत. जाताना म्हणाले, "मका कुणी आणला तर उद्या या म्हणून सांग. दगड आत्ता मक्याचा नाही, अडेल." दुपारी एक गृहस्थ मका घेऊन आले, दहा किलोचा डबा. मी उद्या या म्हणालो. ते म्हणाले, "तात्या नाहीत म्हणून जमत नसेल." मी डबा ओतला.

चक्की अडली, पट्टा घसरायला लागला. घसरला की त्याला राळ लावतात, म्हणजे पकड येते. मी राळ जरा जास्तच लावली. पट्ट्याने एकदम पकडलं आणि सांधा फाटला. पट्टा सपकन जाऊन खालच्या खड्ड्यात पडला. मोटार जमिनीच्या खाली एका खड्ड्यात होती, त्यावर पट्ट्यापुरती फट सोडून फळ्या टाकलेल्या असत. मी मका तसाच परत डब्यात भरून त्या गृहस्थांना घालवलं, आकड्याने पट्टा वर ओढला, पुल्यांवर घातला, टोकं जुळवली, वरच्या टोकाला एक पीळ दिला आणि शिवलं. चांगलं शिवलं. माझी पहिली खरी शिवण. नंतर तिच्यावर तेल आणि पीठ चोळलं, म्हणजे जुनी दिसावी. फळ्या परत टाकल्या. संध्याकाळचं दळण वेळेवर दिलं.

रात्री तात्या आले. "काय विशेष?"

"काही नाही," मी म्हणालो.

दोन दिवसांनी ते म्हणाले, "पट्टा वेगळा बोलतोय." मी म्हणालो, हवा दमट आहे. ते खरंही होतं, हवा दमट होती. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. पट्टा पंधरा-वीस दिवसांनी एकदा खाली उतरवायचे, तोवर कुणी बघणार नव्हतं आणि बघितलं तरी तोवर माझी शिवण खरोखरच जुनी झाली असती.

मालकांची मुलगी त्याच वर्षी लग्न होऊन गेली होती. जावई डिप्लोमा झालेले, पिंपरीकडे एका कारखान्यात होते. स्वभावाने वाईट नव्हते, हे मी इथे लिहिलं पाहिजे. सगळ्यांना अहो-जाहो करायचे, मलासुद्धा. एका गुरुवारी ते नवा पट्टा घेऊन आले, रबराचा, खोक्यातला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची ती पाचला यायची. लोक तरी डबे आणून ठेवायचे आणि काही तिथेच गप्पा मारत उभे राहायचे. त्यात मनोरमाबाई होत्या, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना पेठेत सगळे बिचकून असायचे. त्या तात्यांची बाजू घ्यायच्या आणि तात्यांनाच टोमणे मारायच्या.

जावई म्हणाले, "तात्या, राग मानू नका. हा नवीन पट्टा आहे ना, याला पकडीची बाजू एकच दिलेली असते. ही, खरखरीत. पीळ द्यायचा नाही याला. नाहीतर गुळगुळीत बाजू पुलीवर येईल."

"मग ती बाजू कोरीच राहणार," तात्या म्हणाले.

"राहू दे की. ती वापरायची नसतेच."

"अर्धा पट्टा विकत घेऊन फुकट घालवायचा. छान."

मालक म्हणाले, "जावईबापूंचं शिक्षण त्यातलं आहे, तात्या. ऐकून तर घ्या."

तात्या म्हणाले, "ऐकतोय. इथे उभे सगळे ऐकताहेत." आणि ते खरंच होतं, त्यांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत जात होता. "माझ्या पट्ट्याला एकच बाजू आहे. कोरी राहायला दुसरी नाहीच."

जावई हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "तात्या, एका बाजूची वस्तू जगात नसते. कागद घ्या, पत्रा घ्या, कातडं घ्या. कितीही पातळ करा, दोन बाजू असणारच."

"खडू आणा," तात्या म्हणाले.

मनोरमाबाईंनी पर्स उघडली. "माझ्याकडून घ्या. चाळीस वर्षांच्या सवयीने अजून पर्समध्ये असतो." खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आज दळण मिळणार आहे का नुसताच निकाल?"

तात्यांनी पैज कशाची लावली हे मला शब्दशः आठवतं. कुणी त्यांना लावायला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "खडू न उचलता पट्टा दोन्हीकडून पांढरा झाला पाहिजे. एका फेरीत खडू आपल्याच रेघेवर आला तर मी ही पायरी उतरतो, परत चढणार नाही. अठरा वर्षं झाली. झाला पांढरा, तर जावईबापूंनी हे खोकं जिथून आणलंय तिथे नेऊन द्यायचं." मालक म्हणाले, "अहो, असं काय, पोरखेळ आहे का." तात्या म्हणाले, "पोरखेळच आहे. पोरालाच खडू धरू दे."

मी पट्ट्यापाशी गेलो. मला भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे सांधा. तात्यांनी सांधा जवळून पाहिला तर शिवण त्यांची नाही हे त्यांना कळलं असतं. म्हणून मी खडू सांध्यावरच टेकवला, रेघ तिथून सुरू केली, म्हणजे शिवण खडूने भरून जाईल. हुशारी केली. पिळाचा विचार माझ्या मनात नव्हता. पीळ मी दिला होता, पट्ट्याचा जो पदर वरून जातो त्यात तो सगळ्यांना दिसत होता. तात्यांनाही दिसत होता.

तात्या हाताने पुली फिरवू लागले. पट्टा माझ्या खडूखालून हळूहळू सरकत होता. गिरणीत वीज नसली की किती ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं, डब्यावरची माशीसुद्धा. रेघ सरळ येत होती. मग सांधा परत वर आला. तो पांढरा होता.

मला वाटलं, दुसरी फेरी झाली असेल, मी मोजायला चुकलो. जावई वाकले आणि त्यांनी पट्ट्याची खालची बाजू वर केली. कोरी. एक ठिपकासुद्धा नाही.

"परत," तात्या म्हणाले. परत केलं. खडू आपल्याच रेघेवरून दुसऱ्यांदा गेला. खालची बाजू कोरी.

मग तात्या माझ्याजवळ आले. त्यांनी अंगठ्याने सांध्यावरचा खडू पुसला आणि वादीच्या गाठी चाचपल्या, एक, दोन, तीन, सगळ्या. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या गाठी एकीकडे पडतात, माझ्या दुसरीकडे पडतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. आमच्या दोघांत तेव्हा हातभर अंतर असेल. त्यांनी एक वाक्य म्हटलं असतं, की हा सांधा माझा नाही, तर खेळ तिथेच थांबला असता, पट्टा उसवून परत शिवून परत खडू धरता आला असता. तेच वाक्य मीही म्हणू शकत होतो. मनोरमाबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी खडू सदऱ्याच्या खिशात टाकला.

"जावईबापू, तुमचं बरोबर," तात्या म्हणाले. मालकांना म्हणाले, "येतो." चपला घातल्या, तीन पायऱ्या उतरले आणि गेले. मालक त्यांच्यामागे बोळाच्या तोंडापर्यंत गेले, तात्या, अहो तात्या, करत. जावई मला म्हणाले, "मी असं म्हणायला नको होतं का हो?" मनोरमाबाईंनी आपला डबा उचलला. "माझी ज्वारी मी दुसरीकडे दळीन," म्हणाल्या. त्यांनी खरंच परत कधी आमच्याकडे दळलं नाही.

मालक परत आले ते घामाघूम. "गजा, तू थांब. एवढे डबे पडलेत." मी थांबलो. त्यांनी जावयांना चहाला नेलं आणि मला सांगितलं, जुना पट्टा उतरवून ठेव, नवा जोडू. मी फळ्या उचलल्या. वरच्या पदराला पीळ होता तसाच खालच्या पदरालाही होता, खड्ड्यात, फळ्यांच्या अंधारात. आकड्याने ओढताना पट्टा तिथे एकदा उलटला होता, आणि वर मी माझा पीळ दिला तो दुसरा. दोन पीळ झाले की पट्ट्याला परत दोन बाजू होतात. तात्यांचं बरोबर होतं. जावयांचंही त्या पट्ट्यापुरतं बरोबर होतं. मी एकटा गिरणीत उभा होतो आणि पाचला अजून वेळ होता. मी सांधा उसवला, पट्टा गुंडाळला, सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवला. खड्डा झाडून घेतला. नव्या पट्ट्याचं खोकं उघडलं. असं एकामागून एक.

लोक विचारतात, म्हणजे केतकीने विचारलं, मी तिला हे थोडंसं सांगितलं तेव्हा, की तुम्हाला त्या वेळी काय वाटलं. गिरणी दिवसभर चालून बंद झाली की कान थोडा वेळ काही घेत नाहीत. तसं काहीतरी असावं. माझे ते बराच काळ तसेच राहिले. मला आठवतं ते एवढंच, की पाचला वीज आली आणि मी पहिला डबा कुणाचा हे विसरलो होतो.

घरी गेलो तर तात्या जेवत होते. आईने विचारलं, "आज लवकर कसे आलात?" तात्या म्हणाले, "उद्यापासून गजाच जाईल." एवढ्या हळू म्हणाले की आईला ऐकू गेलं नाही, तिने परत विचारलं. परत तेवढंच हळू म्हणाले. आईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. समोरच्या बाईने चार-आठ दिवसांनी जिन्यात आईला गाठून विचारलं, "अहो, सगळं बरं आहे ना तुमच्याकडे?"

पेठेत दुसऱ्या गिरण्या होत्या, त्यांनी तात्यांना बोलावलंही. गेले नाहीत. धायरीला एक शेतकरी होते, किसनराव, त्यांच्याकडे विहिरीवर ऑइल इंजिन होतं. ते चालवायला माणूस हवा होता. धायरी तेव्हा गाव होतं, बसने उतरून शेतातून चालत जावं लागायचं. तात्या तिथेच इंजिनाच्या खोपटात राहायला लागले. आईला म्हणाले, रोजचं येणं-जाणं झेपत नाही. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे, जेवायचे, आईशी दोन शब्द बोलायचे आणि जायचे. माझ्याशीही बोलायचे. दगडाला टाकी लावलीस का, विचारायचे.

दोन महिने गेले असतील. एका रविवारी आईने डबा दिला, वांग्याची भाजी आणि भाकऱ्या, आणि मला धायरीला पाठवलं. बसमध्ये मी ठरवलं, की आज सांगायचं. आधी तात्यांना आणि मग सोमवारी मालकांना. कसं सांगायचं तेही ठरवलं. दोन पीळ, एक वर, एक खड्ड्यात.

विहिरीपाशी किसनराव भेटले. "तात्यांचा पोरगा हाय व्हय? या की. मानूस लई भारी तुमचा. इंजान आसं चालवतोय, आवाज आयका नुस्ता." मी आवाज ऐकला. मग पट्टा पाहिला. इंजिनावरून पंपावर जाणारा लांब पट्टा, निदान पंधरा हात. नवा शिवलेला. वरचा पदर पाहिला, खालचा पाहिला, तिथे खड्डा नव्हता, सगळं उघड्यावर होतं. एकही पीळ नव्हता. तात्यांनी साधा पट्टा शिवला होता.

ते इंजिनापलीकडे बसले होते. मला पाहून उठले, पाटाच्या पाण्यात हात धुतले.

"पीळ नाही दिलात?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"दिला की लोक विचारतात." त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं. "तू जेवलास?"

मी म्हटलं, "तात्या, त्या पट्ट्याला दोन पीळ होते. मी शिवला होता. खड्ड्यात एक पडला तो मला दिसला नाही."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तिथेच कळलं. गाठी तुझ्या होत्या, आणि बाजू दोन निघाल्या. दुसरं काय असणार?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले, एक माझ्याकडे दिला. इंजिन चालू होतं तरी ते मोठ्याने बोलले नाहीत, मला ओठांकडे बघून ऐकावं लागलं. "ते बोलायचं काम माझं नव्हतं."

आम्ही जेवलो. मग मी म्हणालो, "मी उद्या मालकांना सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. जावईबापूंना बोलावून."

"सांग की," तात्या म्हणाले. "तुला कुणी धरलंय?"

दुपारच्या बसने मी परत आलो. सोमवारी सकाळी मालक आले, तसबिरीला हार घातला, गल्ल्यावर बसले. मी गहू दळत होतो. दोन बायका रांगेत होत्या.

"काल धायरीला गेला होतास म्हणे," मालक म्हणाले. "तात्या बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो, आणि पुढचा डबा ओतला.